कोरड्या पायांची पाणबुडी

"पूर्वेचा काठ दिसन का त्याच्यातून?" होमराजनं विचारलं.

मी तेव्हा एका आजोबांच्या आधार कार्डाची झेरॉक्स काढत होतो. मशीन म्हातारं झालं होतं. दर प्रतीत आजोबांचा चेहरा थोडा थोडा जास्त काळा होत चालला होता आणि आजोबा ते स्वतःच्या डोळ्यांनी बघत होते.

"कशातून?"

"तुह्या पेरिस्कोपातून बे."

मला आश्चर्य वाटलं, कारण त्याच्या आदल्या आठवड्यात हाच माणूस पेरिस्कोपच्या विरोधात होता. "वरचं कायले पाहाचं? वरचं तं मी जन्मभर पाहून राहिलो," असं म्हणाला होता. मी त्याला समजावलं होतं, नवरदेव म्हटला की बाशिंग, तशी पाणबुडी म्हटली की पेरिस्कोप. शिवाय मी त्याच्या पाणबुडीचा एकमेव इंजिनिअर होतो. मी पॉलिटेक्निकला दोन वर्षं होतो. तिसऱ्या वर्षी कॉलेज आणि मी, दोघांनीही एकमेकांचा नाद सोडला.

"सगळीकडचं दिसन," मी म्हटलं. "पण पूर्वेला काय हाय?"

तो आजोबांच्या काळ्या चेहऱ्याकडे बघत बसला. पूर्वेच्या काठावर घाट होता आणि घाटावर कापगत्यांची वनमाला रोज कपडे धुवायची. मी समजायचं ते समजलो आणि काम हातात घेतलं. प्रेमासाठी माणसं काय काय करतात. हा टँकरमध्ये बसून पाण्याखाली जाणार होता.

आमचं खैरीटोला समुद्रापासून इतकं लांब आहे की मीठ सोडून समुद्राचं दुसरं काही गावात येत नाही. तलाव मात्र आहे. मामा तलाव म्हणतात. त्याचा कोणाच्या मामाशी संबंध नाही, माजी मालगुजारी म्हणून मामा. होमराज वलथरे जातीनं ढिवर, मासेमार, म्हणजे त्याचं खाणं-पिणं, लग्न-मरण सगळं त्या तलावावर. आणि त्या तलावात पाय टाकायला त्याला बंदी होती.

बंदी त्याच्या आईची. होमराज लहान असताना त्याचे वडील बुडालेल्या झाडाच्या खुंटाला अडकलेलं जाळं सोडवायला खाली गेले. जाळंही वर आलं नाही आणि तेही आले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले. तेव्हा भागरथाबाईनं पोराला काठावर उभं करून शपथ घातली : "ह्या तलावाच्या पान्याले पाय लावशीन, तं माहं मेलेलं तोंड पाहशीन."

आता शपथ म्हटली की तिचे कायदेकानू आले. नळाचं पाणी तलावातूनच यायचं, पण ते चालायचं, नाही तर त्याला पाय धुता आले नसते. धानाच्या बांधीतलं पाणीही तलावाचंच, तेही चालायचं. रोवणीला माणसं मिळत नाहीत. डोंगा चालायचा नाही, कारण डोंग्याच्या तळाला नेहमी पाणी साचलेलं असतं. गमबुटांचा प्रश्न बरेच दिवस लोंबकळत होता. पंधराव्या वर्षी होमराजनं तो स्वतःच निकाली काढला. गमबूट घालून घोट्याएवढ्या पाण्यात उतरला, लोकांना हात करून दाखवला आणि बाहेर आला. संध्याकाळी भागरथाबाईला ताप भरला. टायफॉईड निघाला. ती भंडाऱ्याच्या दवाखान्यात पडून होती आणि हा बाहेर वऱ्हांड्यात गमबूट छातीशी धरून बसला होता. ती वाचली. पण बूट म्हणजे पायच, हे त्या दिवशी कायमचं ठरलं.

त्यानंतर तो काठापासूनही दोन हात लांब उभा राहायचा. त्याच्या वयाची पोरं मरळ हातानं धरून आणायची, हा बाहेर उभा राहून टोपली धरायचा. गावात त्याला 'कोरडा ढिवर' म्हणायचे. तो हसायचा. एकदा माझ्याजवळ बोलला होता, "सगळेच तलाव आतून पाहतेत, शिशुपाल. मीच एकटा बाहेरून." मग त्यानं ग्रामपंचायतीचा भंगारात काढलेला पाण्याचा टँकर आणला.

कल्पना साधी होती. लोखंडाच्या खोलीत बसून खाली गेलं, की पाय कोरडे. शपथ शाबूत, तलाव आतून. आम्ही आईला सांगितलं, मच्छी ठेवायची टाकी बनवतो आहोत. ज्या टँकरनं आयुष्यभर पाणी आत ठेवलं, त्याला म्हातारपणी पाणी बाहेर ठेवायला शिकवायचं होतं. तो टँकर एका कोपऱ्यातून गळायचा, हे सगळ्या गावाला माहीत होतं. बाया त्याच्या मागं मागं घागरी घेऊन चालायच्या. आम्ही तिथं दोनदा वेल्डिंग मारलं आणि वरून एमसील थापलं. दर्शनी भागाला ट्रकच्या हेडलाइटची काच बसवून खिडकी केली. खाली जायला एका कप्प्यात पाणी घ्यायचं, वर यायला ते पाणी बाहेर फेकायचं. फेकायला शेतातला पायपंप, दोन्ही पायांनी दाबायचा. हात कशाला अडकवायचे? हात पेरिस्कोपला लागणार होते. हा माझा मुद्दा होता आणि तेव्हा तो फार हुशारीचा वाटला होता.

पेरिस्कोपनं मात्र मला रडवलं.

पहिला आरसा वहिनीच्या ड्रेसिंग टेबलाचा लावला. त्यात प्रत्येक गोष्ट दोनदा दिसायची, एक ठळक आणि तिच्या मागं एक पुसट, जशी प्रत्येक गोष्ट आपल्या भुतासकट फिरायला निघाली आहे. आरशाला पारा काचेच्या मागच्या बाजूनं असतो, म्हणून तसं होतं. मग मी दुकानातलं मेलेलं झेरॉक्स मशीन उघडलं. त्यात लांब पट्टीसारखे आरसे असतात आणि त्यांना पारा पुढच्या बाजूनं असतो. ते कापून वर एक, खाली एक, तिरपे बसवले. चित्र असं स्वच्छ आलं की समोरच्या चहाटपरीवर कोण कोणाच्या नावावर चहा पितो ते कळायला लागलं.

पुढची अडचण फिरवण्याची. सगळा पाइप फिरवायचा, तर तो टँकरच्या छतातून जिथं बाहेर पडतो तिथून पाणी आत येणार. म्हणून मी पाइप छताला पक्का वेल्ड केला आणि फक्त वरचं डोकं फिरेल असं केलं. आतून सायकलची चेन ओढली की पाण्याच्या वर असलेलं डोकं गरागरा फिरायचं. दुकानामागं पाइप उभा करून होमराजला खाली बसवलं.

"समोर पाहा."

"दिसते. मस्त."

"आता चेन ओढ. उजवीकडे."

"टपरी आडवी झाली बे. चहावाला झोपून चहा गाळून राहिला."

"आणखी ओढ. पार मागं."

त्यानं चेन ओढत नेली. मग म्हणाला, "सगळं उलटं. लोकं वटवाघळासारखे लटकून हायेत."

मी वहीत आकृती काढून बघितली. खालचा आरसा जागेवर आणि वरचाच फिरला, तर चित्र सोबत गोल फिरणारच. त्याला इलाज म्हणजे आणखी काचा, आणि त्या काचा आमच्या जिल्ह्यात कोणाकडे असतील असं वाटत नव्हतं.

"मागचं कोनाले पाहाचं हाय?" मी म्हटलं.

"मी पश्चिमेकडून उतरनार, तोंड त्याच काठाकडे करून. पूर्वेचा काठ मागंच येते ना."

"मंग उलटी पाहा. उलटी असली तरी वनमाला वनमालाच."

तो चेन सोडून उठला. पण त्या दिवसापासून घरी पेपर उलटा धरून वाचायला लागला. आईनं विचारलं तर म्हणाला, डोळ्यांचा व्यायाम.

आम्ही पाणबुडी पाण्यात सोडली ती एका शुक्रवारी, दुपारी जेवणं झाल्यावर. पश्चिमेकडच्या काठावर ट्रॅक्टर, ट्रॅक्टरला दोर, दोराला हूक, हुकाला पाणबुडी. मदतीला फागोकाका. फागोकाका गावातला सगळ्यात दमदार बुडीमार. पाण्याखाली जाऊन तिथंच एखादी डुलकी काढून येईल असा माणूस. त्याला आम्ही खरं सांगितलं होतं. त्यानं टँकरभोवती एक चक्कर मारली, बोटानं ठोकून बघितलं आणि म्हणाला, "पोट्टेहो, तुमी मोठे झाले असं वाटत होतं मले."

होमराज फळीवरून चालत, पाण्याचा थेंब न लागू देता, टँकरच्या तोंडातून आत उतरला. झाकण लावायच्या आधी त्यानं एकदा पूर्वेकडे मान वळवून बघितलं. घाटाजवळ काळी छत्री काठीला बांधलेली दिसत होती. तिच्या सावलीत भागरथाबाई झिंगे वाळवत बसायची. पलीकडे वनमाला कपडे आपटत होती.

"जीव घाबरा झाला तं काय कराचं?" मी विचारलं.

"खालचा आरसा काचेसकट काढाचा, तू वरची काच फोडशीन, हवा येईन."

"अन् वर याचं असलं तं?"

"पंप माराचा. अबे झाक, गरमी होते."

मी झाकलं. पाणबुडी थोडी कुरकुरली, तिरपी झाली आणि खाली गेली. मागं हातभर पाइप राहिला आणि त्याचं डोकं. त्या क्षणी मला वाटलं, आता ह्या जिल्ह्यात नौदलाचं ऑफिस उघडायला हरकत नाही.

डोकं फिरलं. पूर्वेकडे थांबलं.

"पाहा पाहा, कसा पाहून राहिला," मी फागोकाकाला म्हटलं.

पाणबुडी थोडी पुढं सरकली, आणखी खाली बसली. आता पाइप फक्त वीतभर उरला. तसं ठरलं नव्हतं. थोड्या वेळानं डोकं पुन्हा फिरायला लागलं. आधी हळू. पूर्वेला जायचं, थांबायचं, डावीकडे सरकायचं, उजवीकडे, परत पूर्वेला. मग जोरात. गोल गोल, जशी एखाद्या बगळ्याच्या मानेला चावी दिली आहे. मी हसत होतो. मी त्याला हातानं नमस्कार केला, एक पोझही दिली. डोकं माझ्यावरून निघून गेलं.

मग ते वनमालेवरूनही निघून गेलं.

ती तिथंच होती, गुडघ्याएवढ्या पाण्यात, पिवळ्या साडीत. डोकं तिच्यावरून असं गेलं जसं ती धुण्याचा दगड आहे. जरा पुढं एका रिकाम्या जागेवर येऊन थांबलं. तिथं काठी होती. छत्री नव्हती.

"काका," मी म्हटलं, "भागरथाकाकू कुठं गेली?"

"आज शुक्रवार नोहे का? मोहगावचा बाजार. आत्ताच काळीपिवळीत बसून गेली."

पाणबुडीच्या नादात आम्ही वारच विसरलो होतो.

माझं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. ते कुठं ठेवायचं ते कळेना.

"वर घ्या त्याले," मी ट्रॅक्टरवाल्याला ओरडलो. ट्रॅक्टरनं जोर लावला, दोर ताणला गेला, आणि मग एकदम सैल झाला. हूक बाहेर आला. हुकासोबत वेल्डिंगचा एक छान तुकडा आला. पाणबुडी आली नाही.

फागोकाकानं सदरा काढला आणि तो डोंग्यावरून पाण्यात गेला. मी डोंग्यात बसून पाइपजवळ थांबलो. डोकं माझ्या नाकासमोर फिरत होतं. मी काचेत बघून ओठांनी मोठ्यानं 'पंप मार, पंप मार' असं म्हणत होतो. खाली त्याला माझं तोंड आडवं दिसत असेल की उलटं, ह्याचा हिशेब माझं डोकं आपोआप करत होतं आणि मला त्याचा राग येत होता.

काका वर आला. धाप लागली होती.

"चिखलात बसली. आत पानी हाय, मांडीएवढं नसन पन पिंढरीएवढं हाय. कोपऱ्यातून येऊन राहिलं."

"अन् तो?"

"बसला हाय."

"कसा बसला हाय?"

"मांडी घालून. सीटवर. पाय वर घेऊन." काकानं तोंडावरचं पाणी पुसलं. "जसा पंगतीत बसला. मी काचेवर ठोकलं, पंपाकडे बोट दाखवलं. त्यानं मान हालवली. नाई म्हनते."

पंप तळाला होता. तळाला पाणी होतं. तलावाचं पाणी.

मी हातोडी काढली आणि वरची काच फोडली. काचेआतला आरसा बोटभरही हलला नाही, इतका पक्का मी तो बसवला होता. खालून त्यानं आपला आरसा काढला तरच हवा जाणार होती. मी पाइपमध्ये तोंड घालून ओरडलो, "होम्या, आरसा काढ!" आवाज खालच्या काचेपर्यंत जाऊन परत माझ्याच तोंडात आला. मी एमसील फार चांगलं लावलं होतं. खाली तो आरसा काढणार नव्हता. आरसा काढला, तर पूर्वेचा काठ कसा दिसणार?

काका पुन्हा खाली गेला, दोर बांधायला. मी लूनाला किक मारली.

मोहगावचा बाजार म्हणजे माणसांची खिचडी. मी लूना बांगड्यांच्या दुकानापर्यंत चढवली आणि तिथं सोडली. भागरथाबाई नेहमीच्या जागी होती, समोर झिंग्यांचा ढीग, हातात तराजू. एक बाई भाव करत होती.

"काकू, चला."

"काय झालं बापू? घामानं भिजला तू."

"होमराज तलावात हाय."

तिच्या हातातला तराजू एका बाजूला झुकला. झिंगे पदरात सांडले. तिनं मला विचारलं ते इतक्या हळू, की भाव करणारी बाईही पुढं वाकली.

"पान्याले पाय लावला त्यानं?"

"नाई लावला, काकू. नाई लावला म्हनूनच मरून राहिला."

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. टाकी नाही, पाणबुडी. पंप पायाचा. पाणी पिंढरीएवढं. छत्री दिसत नाही म्हणून त्याला वाटत असेल की...

"कायले वाटन?"

"पानी आत आलं काकू. एखादा थेंब लागला असन पायाले. अन् तुमी जागेवर नाई."

तिनं झिंग्यांकडे बघितलं नाही. तराजू हातात तसाच घेऊन ती लूनाच्या मागं बसली. रस्त्यानं तो तराजू माझ्या पाठीवर वाजत होता. एकदाच बोलली.

"मच्छीची टाकी म्हनलं होतं तुमी."

"हव, काकू."

"मले वाटलंच, मच्छीले बसाले सीट कायले पायजे."

आम्ही आलो तेव्हा अर्धं गाव काठावर होतं. काकानं दोर दोनदा बांधला होता आणि तो दोनदा निसटला होता. टँकरला धरण्यासारखं काही शिल्लकच नव्हतं. पाइपचं डोकं आता फिरत नव्हतं. पूर्वेकडे तोंड करून थांबलं होतं. काकाचे डोळे लाल झाले होते.

"पानी सीटले लागलं," तो मला बाजूला घेऊन म्हणाला. "पोट्टा सीटवर उभा हाय आता. वाकून. डोळा त्या नळकांड्याले."

भागरथाबाई काठावर थबकली. नवरा गेल्यापासून तिनंही ह्या पाण्याला पाय लावला नव्हता. तिला कोणी शपथ घातली नव्हती. मग ती तराजूसकट डोंग्यात चढली. मी आणि काकानं वल्हं मारलं आणि डोंगा पाइपच्या पूर्वेला, डोक्याच्या अगदी समोर नेला. तिनं पदर मागं सारला आणि तुटक्या काचेसमोर आपलं तोंड आणलं.

"होमराज!"

डोकं हललं नाही.

"पाहून राहिला का तो?" तिनं मला विचारलं.

"पाहत असन."

"मंग पंप काहून मारत नाई?"

आम्ही पाण्याकडे बघत राहिलो. एक बुडबुडा नाही. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. पूर्व म्हणजे मागं. मागचं उलटं. तो अंधारात, गुदमरत, सीटवर वाकून उभा आहे, आणि त्याच्या आईचं तोंड आभाळातून खाली लटकलं आहे. ओठ हलताहेत, आवाज नाही. मेलेलं तोंड ह्याहून वेगळं काय दिसणार?

"काका, डोंगा फिरवा! समोर घ्या, पश्चिमेकडे! काकू, तुमी तोंड काचेपासून हालवू नोका!"

"अबे कायले..."

"फिरवा ना!"

काकानं वल्हं मारलं. डोंगा हळूहळू पाइपभोवती फिरायला लागला. भागरथाबाई डोंग्याच्या काठावर ओणवी होऊन तोंड काचेसमोर धरून होती. क्षणभर डोकं जागच्या जागी राहिलं आणि ती त्याच्यासमोरून निसटली. मग चेन कुरकुरली. डोकं तिच्या मागं आलं. थोडं थांबलं, पुन्हा आलं. खाली, त्या नळकांड्याच्या तळाशी, एक चेहरा उलट्याचा आडवा होत होता आणि आडव्याचा सरळ. मला तो दिसत नव्हता, पण किती अंश झाला ते मी मनात मोजत होतो. आयुष्यात तेवढं एकच गणित माझं बरोबर आलं.

सरळ समोर आल्यावर मी म्हटलं, "आता."

भागरथाबाईनं काय करावं हे तिला कोणी सांगितलं नाही. तिनं लुगडं घोट्यावर घेतलं, उजवा पाय डोंग्याबाहेर काढला आणि तलावात बुडवला. घोट्यापर्यंत. मग काकाचा खांदा धरून तो निथळता पाय उचलून काचेसमोर धरला. भेगाळलेली टाच, जोडवं, पाणी टपटप. मग पाय खाली, तोंड समोर. मग पुन्हा पाय. मग तोंड. काठावरची माणसं गप्प होती. आमच्या गावात इतकी माणसं इतकी गप्प मी तेरवीलाही बघितली नाहीत.

"पाह्य," ती पाइपमध्ये म्हणाली. "लागलं पानी. मेली का मी? मेली का रे? शपथ सुटली. म्या घातली, म्याच सोडली. मार आता तुहा तो पंप, गधड्या!"

आणि तिनं हातातल्या तराजूच्या पारड्यानं पाइपला एक ठेवून दिली.

काही झालं नाही.

मग चिखलाचा एक ढग वर आला. मग बुडबुडे. आधी एक, मग दोन, मग उकळत्या भातासारखे. पायपंप दाबल्याचा धप धप आवाज पाइपमधून वर यायला लागला, आणि प्रत्येक 'धप'बरोबर भागरथाबाईची मान हलत होती, जशी तीच आत बसून पंप मारते आहे. पाइप वीतभराचा हातभर झाला. मग टँकरची गंजकी पाठ पाण्याबाहेर आली. फागोकाकानं झाकणावर उडी मारली.

होमराज बाहेर आला तेव्हा त्याचे ओठ निळे होते आणि विजार मांडीपर्यंत भिजली होती. तो टँकरवर बसला. श्वास घेता घेता त्यानं आईच्या कपाळावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. ताप नव्हता.

"तू बाजारात गेली होती?" त्यानं विचारलं.

"शुक्रवार हाय आज."

"सांगून जाची ना मंग."

"तू सांगतलं होतं मले, टाकीत बसून पाताळात चाललो म्हनून?"

त्यानं तिच्या कपाळावरचा हात काढला. म्हणाला, "मले पहिले उलटी दिसली तू."

"तुहीच बुद्धी उलटी हाय," ती म्हणाली आणि त्याच्या ओल्या पायांवर पदर टाकून ते पुसायला लागली, जसं अजूनही काही वाचवता येण्यासारखं आहे.

नंतर ती स्वतः पाण्यात उतरून त्याला पोहायला शिकवू लागली. चोवीस वर्षांचा घोडा, हनुवटी आईच्या तळहातावर. तो शिकला. पण जेव्हा जेव्हा पाण्यात उतरायचा, तेव्हा आधी मागं वळून काठाकडे बघायचा. काळ्या छत्रीखालून एक हात वर व्हायचा, मग हा पुढं जायचा. असं बरीच वर्षं चाललं. बाजाराला जाताना ती काठावर येऊन ओरडून सांगून जायची.

भागरथाबाई गेल्या उन्हाळ्यात गेली. काही विशेष कारण नव्हतं, म्हातारपण होतं. मला फोन आला तेव्हा मी दुकान तसंच टाकून भंडाऱ्याला गेलो. होमराज वॉर्डात तिच्या पलंगाजवळ उभा होता. तिला भरती केल्यापासून तीन दिवस तो तिथंच होता, तलावाकडे फिरकलाही नव्हता. तिचं तोंड झाकलेलं नव्हतं. तो त्या तोंडाकडे बघत नव्हता. खाली बघत होता.

"शिशुपाल," तो म्हणाला, "माहे पाय पाह्य."

दवाखान्यातली मावशी नुकतीच फरशी पुसून गेली होती. त्याच्या चपला दाराशी होत्या. तो अनवाणी उभा होता आणि त्याच्या तळव्यांभोवती फिनाईलचं पाणी होतं.

मला कुठल्याही प्रसंगी काहीतरी सुचतं. ती माझी ख्याती आहे. मी गुडघ्यावर बसलो, त्याचा एक पाय उचलून बघितला, मग दुसरा.

"हे नळाचं हाय," मी म्हटलं. "हे चालते."

त्यानं मान हलवली. मग वर बघितलं, तिच्याकडे.